पोपडा सुटलाय

तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेल्या माणसाचं उजवं अंग एका सकाळी चहा पिता पिता लुळं पडलं. जिवावरचं वाचेवर निभावलं, असं शेजारी म्हणाले.

इस्पितळात चौथ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. बायको धावली. "अहो, काय हवंय?"

"घोडा. घोडा लाव."

तिनं पाणी दिलं, पांघरूण दिलं. ते चिडून मान हलवत राहिले. "घोडा! घोडा!"

"भ्रम झालाय," नर्स म्हणाली.

संसारातले शब्द पार पुसले गेले होते, बायकोचं नावसुद्धा. उरली होती ती कामावरची बोली, आणि ती त्यांनी घराच्या उंबऱ्याआत कधी आणलीच नव्हती. शेवटी तिनं त्यांच्या जुन्या जोडीदाराला बोलावलं. तो रंगाच्या कपड्यांतच आला.

"वहिनी, उंच भिंतीला आम्ही लाकडी घोडा लावून चढतो. वर घ्या म्हणतोय तो."

पलंगाची उशाकडची बाजू उचलली, तेव्हा कुठे त्यांना नीट श्वास घेता आला.

'कागद मारला' म्हणजे घसा खरखरतोय, भिंत घासायच्या कागदासारखा. 'दुसरा हात', रंगाचा दुसरा थर, म्हणजे आणखी थोडं दे. तिनं औषधाच्या पाकिटामागे सगळं लिहून घेतलं. एकदा डॉक्टरकडे बघून ते "नुसता चुना" म्हणाले, तेव्हा जोडीदाराला हसू आवरेना. "वरवरचं काम म्हणतोय. हे मात्र लिहू नका!"

दहाव्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोपडा सुटलाय. हात मारू नको."

जोडीदारानं मान खाली घातली.

"काय म्हणाले?"

"काही नाही, बडबड."

"भावजी, खरं सांगा."

"भिंत आतून सुटली की वरून कितीही रंग द्या, टिकत नाही. माझ्यावर मेहनत नको म्हणतोय."

पलंग आणि भिंत यांमधल्या चिंचोळ्या जागेत ती शिरली आणि त्यांच्या तोंडासमोर बसली. "मला नाही येत तुमची भाषा," ती रडत ओरडली. "पण मी हात मारणार. रोज मारणार!"

त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन दिवस ओठ आवळून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी चमचाभर पेज पोटात गेली.

वर्ष होत आलं. ते जगले, पण बाकीचे शब्द परतले नाहीत. नवा एखादा निघाला की ती जोडीदाराचं काम चालू असेल तिथं जाते आणि खालूनच ओरडून अर्थ विचारते. परवाचा शब्द मात्र त्यालाही कळला नाही. कामावर असा शब्दच नाही, म्हणाला.