शेळीच्या गळ्यातला फोन

संध्याकाळी शेळी एकटीच घरी आली. गळ्यात घुंगरू होतं, आणि घुंगराशेजारी नातीच्या ओढणीच्या चिंधीत बांधलेला नातीचा फोन.

चोरीच्या प्रकरणात नात मुलींच्या निरीक्षणगृहात होती. मी हमी दिली म्हणून तिला सोडलं. अट अशी की फोन सतत जवळ ठेवायचा. ती कुठे आहे ते देखरेखीच्या मॅडमना त्यांच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. गावाबाहेर गेली तर परत आत.

शेळीवर भरवसा नसतो म्हणून आपण तिला घुंगरू बांधतो. शेळीला त्याचं काही वाटत नाही. पोरीला वाटत होतं. पहिल्याच दिवशी शेळी चारायला निघताना म्हणाली, "आजी, तू तरी माझ्या मागे येऊ नकोस." मी गेले नाही. शेजारीण टोचायची, "म्हातारे, पोर नक्की शेळीच चारते का, बघ एकदा." मी तिच्याशी बोलणं टाकलं. मॅडमनी ठिपक्यावर विश्वास ठेवला, मी पोरीवर. शेळी दिवसभर माळावर हिंडत होती, म्हणून ठिपकाही हिंडत होता. तो काही खोटं बोलला नाही.

तेवढ्यात शेळीच्या गळ्यातच फोन वाजला. मी गाठ सोडून तो कानाला लावला.

"आजी, तुम्ही? पोरगी अंगणात दिसतेय. आली ना?"

हो म्हटलं असतं, तर आजचा दिवस निभावला असता.

"शेळी आलीय मॅडम," मी म्हणाले. "पोर आली नाही."