पांढरे ठिपके, रंगीत ठिपके

"पोरी, यातली भुकटी कुठं गेली?"

सुलभाताईंनी प्रिंट दुकानाच्या दारात, उजेडात धरली होती. दोरीवरचे कपडे स्वच्छ, भिंत स्वच्छ, आणि हवा तर हिल स्टेशनची वाटावी अशी. आमच्या हिशोबाने झकास काम झालं होतं. ताईंच्या हिशोबाने फोटोतून फोटोच गेला होता.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका लॅबमध्ये मी फोटो एडिट करते. जास्त करून लग्नाचे अल्बम. आमच्या सेठनी एक प्रिसेट बनवून ठेवलाय, म्हणजे आधीच ठरवलेल्या सेटिंग्जचा संच. त्याचं नाव 'शादी'. फोटो कॉम्प्युटरवर उतरला की तो आपोआप लागतो आणि सगळ्यांचे चेहरे लोण्यासारखे होतात. ताईंचा फोटोही त्याच वाटेने गेला होता.

ताई अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीच्या मागच्या चाळीत राहतात. तिथे पहाटे जवळच्या एका कंपनीतून बारीक पांढरी भुकटी उडते. कपड्यांवर बसते, पाण्याच्या बादलीवर साय धरते. ताईंची नात सकाळभर खोकते. कंपनीचे साहेब म्हणतात, ते धुकं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळकऱ्यांना बोलावलं होतं. दाखवायला ताईंनी गॅलरीतून मोबाइलवर काढलेला हा एकच धड फोटो होता.

मी मूळ फाइल उघडली आणि थोडा वेळ काही केलंच नाही. नुसती बघत बसले.

पहाटेचा निळा उजेड. दोरीवर एक पिवळी साडी, वाऱ्याने किंचित फुगलेली. कंपनीच्या दिव्याचा एक तिरपा पट्टा तिच्यावरून गेलेला आणि त्या पट्ट्यात भुकटी तरंगत होती. पडत नव्हती, तरंगत होती. जणू चाळ पाण्याखाली आहे आणि हे सगळं हळूहळू तळाशी निघालंय. मी झूम करत आत गेले. दुकानातले आवाज लांब गेले. इतकं सुंदर दिसत होतं की मला राग आला. हे त्या पोरीच्या छातीत जातं.

आता अडचण सांगते. कमी उजेडात मोबाइल मिळेल तेवढा उजेड ताणून वाढवतो. त्या ताणण्यात फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. त्याला नॉइज म्हणतात. नॉइज रिडक्शन म्हणजे हे दाणे आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकणं, ओल्या रांगोळीवरून हात फिरवल्यासारखं. पण सॉफ्टवेअरला मोबाइलचा दाणा कुठला आणि कंपनीचा कुठला, हे कळत नाही. त्याने दोन्ही पुसले होते.

सेठ मागे येऊन उभे राहिले. "नॉइज हटा मत. उल्टा शार्पनिंग फुल मार. एकेक दाना चमकेगा."

मारून पाहिलं. शार्पनिंगने फोटोत नवीन काही येत नाही. कडेची गडद बाजू आणखी गडद होते, उजळ बाजू आणखी उजळ. डोळ्याला वाटतं, स्पष्ट झालं. अती केलं की प्रत्येक वस्तूभोवती पांढरी रेघ येते. साडीला आली, दोरीला आली. आणि भुकटीचा चक्क बर्फ झाला.

"हां! आता कसं!" ताई खुर्चीतून उठल्याच. "आता बोल म्हणावं धुकं."

मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला सांगू. पण आमच्या घरात भिंतीपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा युनियनची पत्रकं लिहायचे आणि एक शब्द वाढवलेला दिसला की स्वतःच खोडायचे. साहेब नेमका तोच शब्द धरून बसतो, म्हणायचे.

"ताई, हे मी देणार नाही."

"का गं? भुकटी खोटी आहे का?"

"भुकटी खरी आहे. एवढी नाहीये फोटोत."

"एकदा ये राहायला, मग बघ एवढी आहे का नाही ते."

"मान्य. पण साहेब ही दोरीभोवतीची रेघ बघतील, कॉम्प्युटरवर बनवलंय म्हणतील. मग खरंही गेलं."

"तू आमच्या बाजूची का त्यांच्या?"

"तुमच्याच. म्हणून तर भांडतेय."

सेठ म्हणाले, "बेटा, कस्टमर जो मांगता है वो दे ना."

"सेठ, ही शादी नाहीये."

ते पुटपुटत काउंटरवर गेले. मी सगळं शून्यावर आणलं. मोबाइलच्या नॉइजमध्ये लाल, हिरवे, जांभळे ठिपकेही असतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ते जास्त. भुकटी पांढरी, तीही फक्त उजेडाच्या पट्ट्यात. म्हणून फक्त रंगाचं नॉइज रिडक्शन लावलं. उजेड-अंधाराच्या दाण्यांना हात लावला नाही. शार्पनिंग अगदी थोडं ठेवलं आणि त्याला मास्किंग लावलं, म्हणजे ते फक्त ठळक कडांवर चालेल. मास्किंग करताना एक बटण दाबून धरलं की स्क्रीन काळी होते आणि जिथे शार्पनिंग लागणार तेवढंच पांढरं दिसतं. काळोखात फक्त दोरी, गज आणि साडीचा काठ उरला. जागं होण्याआधीची चाळ.

"बघा ताई, रंगीत ठिपके मोबाइलचे. ते काढलेत. दोरी-साडीच्या कडा जराशा ठळक केल्यात. भुकटी वाढवलेली नाही."

ताईंनी नवी प्रिंट बराच वेळ पाहिली. "कमी दिसतंय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण आमच्याच घरचं दिसतंय." आणि घेऊन गेल्या.

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या, येतानाच हसत. साहेबांनी फोटो बघून पहिलंच विचारलं होतं, "एडिट केलाय ना?"

"मी म्हटलं, हो, केलाय. रंगीत ठिपके होते ते माझ्या मोबाइलचे, ते काढले. पांढरे आहेत ते तुमचे."

"मग?"

"मूळ फोटो मागितला. मोबाइलच दिला हातात. मोठा करून बघत बसले, तुझ्यासारखे. मग पहाटे स्वतः आले गॅलरीत. काळं जॅकेट घालून. जाताना खांदे पांढरे."

कंपनीने आता उघड्या शेडला पडदे लावलेत. भुकटी कमी झालीये, थांबलेली नाही. नातीचा खोकलाही कमी झालाय, गेलेला नाही. ताई परत फोटो काढतायत.

सेठनी माझ्या सेटिंग्जचा वेगळा प्रिसेट करून ठेवलाय. नाव 'असली'. अजून कुणी मागितलेला नाही.