दोन मिली लाळ

मुनिबा परकार माझ्याकडे बायॉलॉजी शिकायला आली तेव्हा चौतीस वर्षांची होती, आणि पहिल्याच दिवशी मी तिला परत पाठवलं. "ताई, परीक्षेला येणारे महत्त्वाचे प्रश्न तेवढे सांगाल का?" एवढंच तिनं विचारलं होतं. पुण्यातल्या शाळेत अकरा वर्षं मी हा प्रश्न ऐकला होता. त्यानं माझं डोकं तेव्हाही फिरायचं. आखातात, सीबला येऊन चौदा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर नुसती घरी बसल्यावरही तितकंच फिरतं, हे मला त्या दिवशी समजलं. शरीरात बिनमहत्त्वाचं काय असतं ते आधी शोधून आण, असं म्हणून मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. हातात सांदणांचा डबा. "अम्मींनी दिलीत. आणि ताई, सगळंच शिकवा." सांदणांमुळे मी विरघळले असं कुणी म्हणू नये. थोडी विरघळले, ते वेगळं.

ती आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायची. नवरा तौहीद गाला नावाच्या औद्योगिक वस्तीत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर. मुलगी मेहविश दहा वर्षांची, इंग्रजीत भांडणारी आणि मराठीत अडखळणारी. आणि अम्मी म्हणजे सासूबाई, हवाबी. दाभोळच्या खाडीकाठचं गाव सोडून इथं आलेल्या. बोलायला कडक, हाताला चव, आणि वीस वर्षांचा मधुमेह.

नर्सिंगचं खूळ त्या मधुमेहातूनच निघालं. दोन वर्षांपूर्वी हवाबींच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती चिघळत गेली. अंगठा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. क्लिनिकमधल्या मल्याळी सिस्टरनं मुनिबाला ड्रेसिंग शिकवलं आणि मुनिबानं चार महिने ते रोज केलं, एक दिवस न चुकता. अंगठा वाचला. सिस्टर तिला म्हणाली, तुझा हात हलका आहे, तू नर्स का झाली नाहीस? काही लोकांना अशी वाक्यं ऐकून सोडून देता येतात. मुनिबाला ते जमलं नाही.

रत्नागिरीजवळच्या एका नर्सिंग कॉलेजची चौकशी तिनं केली. अटी दोनच होत्या, पण दोन्ही तिच्या मुळावर आलेल्या. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं, आणि वय पस्तिशीच्या आत. मुनिबानं बारावी केली होती आर्ट्समधून. मग मुक्त विद्यालयातून पुन्हा फॉर्म भरला, क्लिनिकच्या रिसेप्शनवर नोकरी करता करता फिजिक्स आणि केमिस्ट्री सोडवलं. उरली बायॉलॉजी. डिसेंबरात तिला पस्तीस पूर्ण होणार होती. म्हणजे मार्चची ही परीक्षा सुटली तर ठीक, नाहीतर खलास. पुढच्या खेपेपर्यंत कॉलेजचं दार बंद झालेलं असणार होतं.

मार्चची परीक्षा म्हणजे रमझानातली परीक्षा.

रमझान लागायच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेले होते. तौहीद, मुनिबा, हवाबी, सगळे बसले होते, आणि हवाबी एकदम म्हणाल्या, "यंदा मी रोजे नाय धरत."

डॉक्टर दरवर्षी सांगायचे, धरू नका. तौहीद दरवर्षी विनवायचा. त्या दरवर्षी धरायच्या. बारा वर्षांच्या असल्यापासून, बाळंतपणं आणि महिन्याचे ते दिवस सोडले तर, चुकलेला रोजा नव्हता.

"माझी शुगर उतरली की ही पुस्तक टाकून धावंल," हवाबी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "परीक्षा तिची हाय. माझी नको."

रोज्याच्या बदल्यात रोज एका गरजूला जेवण द्यायचं असतं. तौहीद दररोज दुकानावर जाताना घरचा डबा नेऊ लागला, तिथल्या एका कामगाराच्या इफ्तारीसाठी. ते सगळं रीतसर झालं. पण हवाबींना दुपारचं जेवण गळ्याखाली उतरेना. पहिल्याच दिवशी मेहविशनं विचारलं, "दादी, you are eating?" त्यानंतर त्या स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्याकडे तोंड करून जेवायच्या. पेज आणि कैरीचं लोणचं, पाच मिनिटांत. चोरी केल्यासारखं.

इकडे आमची तयारी जोरात. प्रॅक्टिकलला चिठ्ठी काढून प्रयोग मिळतो, म्हणून मी तिच्याकडून सगळेच प्रयोग करून घेतले. त्यातला एक लाळेचा. पातळ पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की ती निळीकाळी होते. तिच्यात लाळ मिसळून कोमट ठेवली की लाळ तिच्यातला स्टार्च पचवते आणि मग आयोडीन टाकूनही निळा रंग येत नाही. आम्ही तो माझ्या ओट्यावर सात-आठ वेळा केला. मुनिबा परीक्षानळीत अशी झटपट लाळ जमवायची की मी म्हटलं होतं, यात तुला कुणी मागे टाकणार नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती माझीच होती. आमचा सराव व्हायचा इफ्तारीनंतर. खजूर, कलिंगड, दोन ग्लास सरबत पोटात गेल्यावर कुणाच्याही तोंडात लाळ असते. परीक्षा होती दुपारी एक वाजता. अकरा वर्षं शिकवलेल्या बाईच्या हे डोक्यात येऊ नये?

तिची शंका वेगळीच होती. परीक्षेच्या दिवशी निघताना तिनं हवाबींना विचारलं, "अम्मी, लाळेचा प्रयोग आला तर आधी चूळ भरायला लागते. चालेल ना?"

"नमाजाआधी वजू करताना चूळ भरतेस ना गो? मग ही पण तशीच. पानी गिळू नको म्हंजे झाला." हवाबींच्या हातात तेव्हा पेजेची वाटी होती. औषधाच्या वेळेसाठी त्या लवकर जेवायला बसल्या होत्या, आणि आम्ही दार ढकलून आत गेलो म्हणून ओशाळल्या होत्या. वाटी त्यांनी पदराआड धरली. लोणच्याची फोड मात्र वाटीतून वर दिसत होती.

मी तिला गाडीनं परीक्षेच्या शाळेत सोडलं आणि बाहेर थांबले. इथं रमझानात उघड्यावर पाणी प्यायचं नसतं, त्यामुळे माझी बाटली सीटखाली आणि मी सीटवर, दोघी एकमेकींकडे बघत. आत काय घडलं ते मला तिनंच नंतर सांगितलं.

तिनं चिठ्ठी काढली. लाळेचा प्रयोग. तिला हसू आलं, कारण हा तर पाठ. चूळ भरली, नळी ओठांशी धरली, आणि तोंडात काहीच नाही. जीभ टाळूला चिकटलेली. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, वरून भीती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नळीच्या तळाशी नुसता फेस. परीक्षक सर येऊन बघून गेले. "सर, मेरा रोजा है," ती म्हणाली. सर वाईट नव्हते. म्हणाले, "समझता हूँ. लेकिन चिट्ठी बदल नहीं सकते. कम से कम दो एमएल चाहिए." आणि घड्याळ दाखवून पुढे गेले.

"ताई, मला तेव्हा तुमचा फार राग आला," ती नंतर म्हणाली. मी म्हटलं, यायलाच हवा होता.

ती टेबल धरून उभी राहिली. सगळं गेलं असं वाटलं. दोन विषयांची मेहनत, क्लिनिक सुटल्यावरचा अभ्यास, सगळं. आणि मग तिला, का कोण जाणे, सकाळचं स्वयंपाकघर आठवलं. अम्मींनी पदराआड धरलेली वाटी. आपण आत गेलो तेव्हा त्यांनी मान कशी खाली घातली ते. तिला रडूच येणार होतं. पण त्या वाटीबरोबर ती फोडही आठवली. तेलानं लाल झालेली, मोहरी लागलेली, सालीकडून जराशी कुरकुरीत. ते लोणचं हवाबी मे महिन्यात घालतात, आणि त्याचं झाकण उघडलं की माझ्या मजल्यापर्यंत वास येतो.

मुनिबाचे गाल आतून आवळले. दाढांपाशी कळ आल्यासारखं झालं. आणि तोंड भरलं.

"डोळे पण भरले, तोंड पण भरलं," ती गाडीत सांगत होती. "नळीत अडीच एमएल झाली. सरांनी बघून 'यल्ला, शुरू करो' म्हटलं." तिच्या नळीतली पेज दहाव्या मिनिटाला निळी व्हायची थांबली. बिनलाळेच्या नळीतली शेवटपर्यंत काळीनिळी राहिली. अगदी पुस्तकात आहे तसं.

संध्याकाळी इफ्तारीला मला बोलावलं होतं. मुनिबानं सगळं सांगितलं. तौहीद हसला, मेहविश "ई" म्हणाली. हवाबी उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी आवरत राहिल्या.

जूनमध्ये निकाल लागला. मुनिबा पास. प्रॅक्टिकलला विसातले अठरा, आणि ते दोन कुठं गेले हे मी अजून शोधते आहे. कॉलेजचा होकार आठवड्यानं आला. चार वर्षं ती, मेहविश आणि हवाबी गावी राहणार, तौहीद इथंच. मला दुःख व्हायला हवं होतं आणि झालंही. पण त्याहून जास्त मला त्या पोरीचे उपकार वाटत होते. चौदा वर्षं मी स्वतःची ओळख "पूर्वी शिकवायचे" अशी सांगत होते. तिनं मला पुन्हा शिकवायला लावलं. हे तिला तोंडावर सांगितलं तेव्हा ती इतकी लाजली की मला चिडावं लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी हवाबी लोणच्याची बरणी घेऊन खाली आल्या. बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "बाय, रोजे सोडले ना, तर महिनाभर रोज रडलंय मी. भांडी घासताना. कुनाला दिसला नाय."

"मग आता?" मी विचारलं.

"आता नाय रडत. त्या जेवनातलाच घास तिच्या परीक्षेला पुरला. अल्लानं बघितला म्हनायचा." पदरानं त्यांनी बरणीचं झाकण पुसलं, जे आधीच स्वच्छ होतं. "पुढच्या रमझानला डॉक्टरला विचारनार नाय मी. तिला विचारीन. ती धर म्हनाली तर धरीन. नको म्हनाली तर दार उघडा टाकून जेवीन."