डाव्या बाजूची गाठ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. बायकोच्या पोटात गाठ निघाली आणि ती बातमी मी तिला सोडून सगळ्यांना सांगितली.

बायको कुंडम गावची, हिंदी घरातली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती मराठी बोलत नाही. म्हणून तिला मराठी कळतही नाही, असं आमच्या शहाण्या घराने ठरवून टाकलं होतं. तिच्यापासून काही लपवायचं असलं की आम्ही तिच्यासमोरच मराठीत सुरू व्हायचो.

मुतखड्यासाठी तिचं सीटी स्कॅन केलं. खडा दिसला, आणि डाव्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत एक लहानशी गाठही. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. अशा गाठी दुसरंच काही शोधताना सापडतात, बहुतेक निरुपद्रवी असतात, म्हणाले. तरी रक्त-लघवी तपासून घ्या. मी फक्त 'बहुतेक' ऐकलं आणि बाहेर येऊन तिला म्हणालो, "बस पथरी है।"

संध्याकाळी माझी मोठी बहीण आली. बायको समोर मटार सोलत बसली होती आणि आम्ही मराठीत तिचं भवितव्य ठरवत होतो.

"तिला काहून सांगतो? रडून घर डोक्यावर घेईल," ताई म्हणाली.

"मग तपासणीला काय सांगून नेऊ?"

"शुगर म्हण. अन् काही झालंच तर तुझ्या जेवणाचं काय? डबा पाहून ठेव."

आणि मी खरोखरच डब्याचा विचार करू लागलो.

"दीदी, डिब्बा बाद में लगवाइए," बायको शेंग सोलता सोलता म्हणाली. "गाँठ मेरी है, पहले रिपोर्ट मुझे दीजिए।"

तिच्या माहेरावर, तिच्या वरणावर आजवर मराठीत काय काय बोललो, ते मला एकदम आठवलं.

"समझती हो, तो कभी बताया क्यों नहीं?"

"बता देती तो आप लोग सच कहाँ बोलते?"

ताईला अचानक घरची कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी बायकोने मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि डॉक्टरांना स्वतः भेटली. तपासण्या तिनेच करवून घेतल्या. सगळं ठीक निघालं. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचं आहे. रिपोर्ट तिच्याच पर्समध्ये असतो.

त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत ऑटो अडकला. गुन्हा मराठीत केला होता, म्हणून मराठीतच म्हणालो, "तू घाबरशील म्हणून नाही लपवलं. मीच घाबरलो होतो. चुकलो मी, माफ कर."