मागं कोण हाय?

विद्यार्थी एकटा आला तर जंक्शन सर त्याच्याशी बोलतच नसत. दार लोटून कुणी आत आलं की ते चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघायचे, मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघायचे आणि विचारायचे, "मागं कोण हाय?"

"कोणी नाही, सर. मी एकटाच आलोय."

"मग कवा आणतोस?"

एवढं बोलून सर पुन्हा पेपर तपासायला लागायचे. नवखं पोरगं गोंधळून बाहेर यायचं आणि व्हरांड्यातल्या बाकावरची मंडळी त्याला समजावून सांगायची, की बाबा रे, तुझी शाखा ज्यानं ठरवली त्याला घेऊन यावं लागतं. तो माणूस आल्याशिवाय इथे पान हलत नाही.

सर सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलचे प्राध्यापक होते. पहिलं वर्ष संपल्यावर ज्यांना आपली शाखा सोडून दुसरीकडे जायचं असतं, त्यांना सल्ला द्यायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. दुसरीकडे म्हणजे कॉम्प्युटरला. मेकॅनिकल असो, इलेक्ट्रिकल असो, सगळ्यांचे डोळे तिकडेच लागलेले. जागा मात्र ज्या रिकाम्या राहतील त्याच, म्हणजे बोटावर मोजण्याइतक्या. आता गाडी बदलायची तर मिरज जंक्शनला उतरायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून शाखा बदलायची तर जंक्शन सर. हे नाव कुठल्या बॅचनं ठेवलं कोण जाणे, पण सरांना ते माहीत होतं आणि आवडायचंही. एकदा फोनवर "हां, जंक्शन बोलतोय," असं म्हणताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय.

त्या बाकासारखी करमणूक अख्ख्या सांगलीत नव्हती. आमच्या भागात पोराची शाखा पोरगं सोडून बाकी सगळे ठरवतात. त्यामुळे बाकावर कधी रजेवर आलेला फौजी चुलता असायचा, कधी कारखान्यातला मेहुणा, कधी थोरल्या बहिणीचे सासरे. एका पोरानं तर ज्याच्याकडे बसून प्रवेशाचा फॉर्म भरला त्या नेट कॅफेवाल्यालाच धरून आणलं होतं. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "आवं सर, प्रॉडक्शन म्हंजी पोरगं कारखान्यात लगीच चिकटंल असं वाटलं. माजा काय वाईट हेतू न्हवता बगा."

"हेतू चांगलाच हाय की," सर म्हणाले. "चहा घ्या. तुमचा मुलगा कुठं शिकतोय?"

"त्यो व्हय? त्यो कॉम्प्युटरला हाय."

दाराबाहेरचा बाक असा हसला की शेजारच्या वर्गातून मॅडम बघायला आल्या.

दुसरी खोड अशी, की कॉम्प्युटरला कशाला जायचंय असं विचारल्यावर कुणी "पॅकेज" म्हणालं की सर कानात बोट घालून हलवायचे. "हे शेजाऱ्याच्या तोंडचं झालं. तुजं काय?" मग ते त्या पोराला सेकंड इयर कॉम्प्युटरच्या वर्गात शेवटच्या बाकावर आठवडाभर बसायला पाठवायचे. तिथल्या सरांशी त्यांनी बोलून ठेवलेलं असायचं. परत आल्यावर प्रश्न एकच, "जांभई आली का?" आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं. निम्मी पोरं त्या जांभईतच बरी व्हायची आणि मुकाट आपापल्या शाखेत परत जायची. सरांना त्याचाही आनंद व्हायचा.

सिव्हिलच्या बाकी प्राध्यापकांना मात्र सरांचा राग यायचा. कारण बाहेर जाणाऱ्यांत सिव्हिलची पोरंच जास्त. दरवर्षी सरांचाच वर्ग रोडावायचा आणि त्याला हातभार सरांचाच. विभागप्रमुख एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, घरची भांडी नेऊन शेजारी मांडताय तुम्ही." सर तासगावकडचे, घरी द्राक्षबाग, त्यांची सगळी उत्तरं रानातून यायची. ते म्हणाले, "पाण्याला जायाचंच आसंल तर ते बांध फोडून जातंय. त्यापरीस आपुनच दारं उघडून द्यावं. बांध तरी शाबूत ऱ्हातोय." विभागप्रमुखांच्या घरी शेती नसावी, त्यांना ते पटलं नाही.

मी त्याच फुटक्या बांधावर उभी होते. माझी शाखा सिव्हिल आणि ती ठरवणारा माणूस म्हणजे आमचे तात्या, माझे वडील. पाटणजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे सुभेदार म्हणतात. फौजेत ते पूल टाकणाऱ्या पलटणीत होते. बर्फातल्या, वाळवंटातल्या कुठल्या कुठल्या नद्यांवर त्यांनी पूल टाकले आणि पेन्शनीत घरी आले तेव्हा आमच्याच ओढ्यावर साधा साकव नव्हता. पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेला येऊ शकत नसत. तात्यांनी पारावर जाहीर करून टाकलं, "माजी पोरगी पूल बांधणार." मी तेव्हा बारावीत होते. मला ही बातमी दूध घालायला गेले तेव्हा डेअरीत कळली.

आणि पहिल्याच वर्षी मला प्रोग्रॅमिंगनं वेड लावलं. तो विषय सगळ्याच शाखांना असतो, बहुतेक जण कसाबसा काढून टाकतात. मला मात्र प्रोग्रॅममधली चूक सापडेपर्यंत जेवण सुचायचं नाही आणि सापडली की मी एकटीच हसत सुटायचे. वर्ष संपताना मार्क चांगले होते, जागाही निघणार होत्या. मी शेवटच्या बाकावर आठवडा काढून आले, जांभई आली नाही. राहिला एकच अडसर, तो म्हणजे तात्या. ज्या माणसानं गावाला शब्द दिलाय त्याच्यापुढे जाऊन, मला तुमचा पूल नको, हे म्हणायची माझी छाती नव्हती. आणि अर्जाची मुदत संपायच्या आत मी बोलले नाही तर जन्मभर सिव्हिल हेही कळत होतं.

म्हणून मी एक युक्ती केली. पाचगणीला माझा मामा स्ट्रॉबेरी करतो, त्याला गाठलं. त्याला सगळं पढवलं, की सर विचारतील, सिव्हिल कुणी ठरवलं, तू म्हणायचं, मी. मामा स्वच्छ शर्ट घालून, स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन हजर झाला. सरांनी त्याला बसवलं, पेटी बाजूला ठेवली आणि मायेनं विचारलं, "भाचीला सिव्हिललाच का घातलं हो तुमी?"

मामाला हा प्रश्न पढवलेला नव्हता. तो म्हणाला, "आवं, सिव्हिलला डॉक्टर लागत्यातच की. सरकारी नोकरी हाय, पेशंट बी लय येत्यात."

आमच्याकडे सिव्हिल म्हणजे सरकारी दवाखाना. वर्षभर मामाची समजूत होती की भाची दवाखान्यात काहीतरी शिकतेय. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मामाला चहा पाजून, पेटी परत देऊन मला म्हणाले, "मामा झ्याक हाय. पर आता खरा माणूस आण. भ्यायचं न्हाई. मी हाय."

तात्या आले. पाटणहून पहाटेची एसटी धरून, शर्टाला कडक इस्त्री, मिशीला पीळ. फोनवर मी फक्त "सरांनी बोलावलंय" एवढंच सांगितलं होतं. पोरगी नापास झाली असणार अशा तयारीनंच ते आले होते. सरांनी खोलीत बसूच दिलं नाही. "सुभेदारसाहेब, चहा मागनं. आधी जरा उन्हात चला," म्हणून थेट मैदानावर नेलं. तिथे आमच्या पोरांचं जमिनीची उंचसखल मोजायचं काम चाललेलं. सरांनी तिवईवरचं यंत्र तात्यांपुढे केलं. तात्यांनी बाह्या वर केल्या, स्क्रू फिरवून आतला बुडबुडा मधोमध आणला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला ते कुणी दुसरेच वाटले.

मग दोघे बोलतच बसले. ओढा केवढा रुंद, पूर कुठवर येतो, खडक किती खाली लागेल. मी दोघांच्या मागे उभी. मनात म्हटलं, संपलं, आता सर मला पूलच बांधायला लावणार.

तेवढ्यात सर म्हणाले, "पर ह्यो पूल बांधायचाय कुणाला, सुभेदारसाहेब?"

"पोरगी बांधणार की. गावात सगळ्यास्नी सांगितलंय."

"ते कळलं. मी इचारलं, बांधायचाय कुणाला?"

तात्यांनी डोळा यंत्राला लावला. मग डोळा न काढताच म्हणाले, "मला."

"मग त्यो तुमचा हाय. आपुन दोघं बगू त्याचं. पोरीच्या डोक्यावर कशाला?" आणि सर माझ्याकडे वळले. "आता तू बोल. माज्याकडं न्हाई, त्यांच्याकडं बगून."

"तात्या, मला कॉम्प्युटरला जायचंय," मी म्हटलं. "मला ते मनापासून आवडतं."

"मग आधी का न्हाई बोललीस गं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला, घाम पुसला आणि सरांना म्हणाले, "चहाचं काय म्हनत व्हता?" एवढ्यावर तो विषय मिटला. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, चहा प्यायची आहे.

पुढे एकदा मी सरांना विचारलं होतं, की तुम्ही इतक्या जणांना कसं पटवता. ते म्हणाले, "कुणाच्या बापाला पटवायची अक्कल मला न्हाई. मी दोघास्नी समोरासमोर उभं करतो, बास. कवाकवा बाप न्हाई म्हनतोय, पोरगं परत जातंय. पर बोलून जातंय."

मला जागा मिळाली. तात्यांनी पारावर नवं निवेदन दिलं, "पोरीचं पोस्टिंग बदललं. कॉम्प्युटरला गेली." गावानं ते फौजी शिस्तीत मान्य केलं. आणि सरांनी आपला शब्द पाळला. पुढच्या हिवाळ्यात ते उरलेल्या सिव्हिलच्या पोरांना घेऊन आमच्या गावी आले, देवळात मुक्काम टाकला, ओढा मोजला, नकाशे करून दिले. ते नकाशे घेऊन तात्यांनी पंचायतीत आणि तालुक्याला इतके खेटे घातले की मंजुरी देणाऱ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं असेल. साकव झाला. कामावर तात्या रोज छत्री घेऊन उभे असायचे आणि गवंड्यांना हिंदीत ओरडायचे. गवंडी आमच्याच गावचे होते.

मी पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि परत आमच्याच कॉलेजात कॉम्प्युटरला शिकवायला आले. यंदा सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी शाखाबदलाचं काम माझ्याकडे द्यायला लावलं. निरोपाच्या कार्यक्रमाला तात्या घरच्या तांदळाची पिशवी घेऊन आले होते. भाषणं झाली आणि आम्ही तिघंच सरांच्या खोलीत बसलो. सर गळ्यातला हार काढत होते. मी सहज विचारलं, "सर, तुमची शाखा कुणी ठरवली होती?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नसावं. काढलेला हार त्यांनी हातातच धरला.

"आमच्या अण्णांनी. गाव कॅनॉलची वाट बगत बसलेलं. अण्णांना वाटायचं, पोरगं इंजिनेर झालं की पाणी घिऊन यील. मला गणित शिकायचं व्हतं, नुसतं गणित. अण्णा चुकले न्हाईत हं. सिव्हिलनं लय दिलं मला. पर त्यांच्यापुढं उभं राहून एवढं एक बोलायचं व्हतं, ते ऱ्हायलं. मी नोकरीला लागायच्या आधीच गेले ते."

तात्या उठले, टेबलाला वळसा घालून सरांच्या खुर्चीत जाऊन ताठ बसले.

"चला, फुडं या. उभं ऱ्हावा."

"आवं सुभेदारसाहेब, ह्ये काय?"

"चार पावसाळे जास्त बगितल्यात मी तुमच्यापरीस. आज मी अण्णा. बोला."

सर हसायला लागले. हसत हसतच टेबलापुढे येऊन उभे राहिले, जिथे आम्ही सगळे उभे राहायचो तिथेच. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. हार हातात तसाच होता.

"अण्णा," ते म्हणाले, "मला गणित शिकायचं व्हतं."

"मग आधी का न्हाई बोललास रं?"

"तुमी इचारलं न्हाई."

"चुकलं आमचं," तात्या म्हणाले.

सर खाली मान घालून उभे होते, त्यामुळे त्यांना दिसलं नाही. ते म्हणताना तात्या माझ्याकडे बघत होते.