भिंतीपासून हातभर

मधल्या खोलीत विजेची भट्टी बसवायची ठरली, तेव्हापासून मी डायरीत कामं लिहीत गेले, ती एकवीस झाली. ती डायरी अजून माझ्याकडे आहे. तीन फेजचं कनेक्शन, अर्थिंगचा खड्डा, दाराची चौकट काढणे, फ्रिज कुठे ठेवायचा, अशी सगळी एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. एकोणिसावं काम असं आहे: ‘नाना – राजीनामा – सही.’ त्याच्यापुढेही खूण आहे. ती घाईत केलेली दिसते, शेपटी खालच्या ओळीत गेली आहे.

नाना म्हणजे माझे सासरे. इंदूरच्या एका कापड मिलच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. झिजलेले भाग नव्याने घडवायचे, तापवायचे, तेलात बुडवायचे आणि पोलाद कडक करायचं, हे त्यांचं काम. याला ते ‘पाणी देणं’ म्हणत. मग एक दिवस गेटला कुलूप लागलं. पुढे फॉर्म घेऊन माणसं घरोघर फिरू लागली: राजीनामा द्या, मोकळे व्हा. पुष्कळांनी दिला. नानांनी दिला नाही. “मिल बंद पडली असेल. मी काम सोडलेलं नाही,” एवढंच ते म्हणत.

ज्यांनी राजीनामा दिला नव्हता, ते रोज सकाळी सातला गेटबाहेर जमत. मागावर काम केलेल्या एका जुन्या साचेवाल्याकडे वही होती. तो नंबराने नावं पुकारायचा आणि माणूस पुढे होऊन सही करायचा. ही हजेरी कुणी मागितली नव्हती, पण कुणी चुकवतही नसे. नानांचा नंबर चौथा होता.

मी तेव्हा तुकोगंजमधल्या एका दवाखान्याचं ऑफिस सांभाळत होते. नवरा औषध कंपनीत, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. मुलगी प्राथमिक शाळेत. नळाला पाणी सातला यायचं आणि साडेसातला जायचं. नेमके त्याच वेळी नाना सायकल काढून गेटवर. वीस-पंचवीस मिनिटांनी परत येत आणि शेवटच्या दोन बादल्या भरत. मला वाटायचं, रिकाम्या मिलची हजेरी लावायला जायचं आणि पाणी सुनेवर टाकायचं, हे काय? तोंडाने मी कधी बोलले नाही. बादल्या मात्र आपटायचे.

भट्टीची कल्पना माझी. पोलोग्राउंडमधल्या एका कारखानदाराला पत्रा कापायचे डाय आणि पंच कडक करून देणारा माणूस हवा होता, आणि त्याच्याकडे एक जुनी भट्टी पडून होती. “नानाजी का हाथ मिल जाए तो भट्टी आप ले जाओ, बहनजी. यहाँ तो उसपे चाय भी नी बनती,” असं तो म्हणाला. नानांना हाताला काम मिळेल, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. सकाळी ते घरी राहतील, हे कुणाला सांगितलं नाही.

आमचं घर तीन खोल्यांचं, एकीमागे एक. पुढची खोली थेट रस्त्यावर, मागच्या स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर. उरली मधली. त्या खोलीत आधीच नानांची खाट, फ्रिज, कपाट आणि स्वयंपाकघराकडे जाणारी वाट होती. भट्टी उंचीला माझ्या खांद्यापर्यंत. पण आतून विटांचं अस्तर, त्यामुळे चार हमाल लागले. दारापेक्षा ती दोन बोटं रुंद निघाली. चौकट काढावी लागणार हे मी यादीत लिहिलंच होतं, सुतार सकाळपासून बसवून ठेवला होता. तरी भट्टी आत आल्यावर एका हमालाने चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, “बाई, ये तो अंदर आ गई. अब आप लोग कहाँ रओगे?”

नाना खूप हसले. मग भट्टीच्या मागे हात घालून म्हणाले, “सूनबाई, भिंतीपासून हातभर सोड. मागून वारा फिरला पाहिजे.”

मी टेप लावली. हातभर सोडलं तर फ्रिजचं दार पुरतं उघडेना. म्हणून मी वीतभर सोडलं, मागे ॲस्बेस्टॉसचा पत्रा उभा केला आणि नाना अर्थिंगचा खड्डा बघायला मागे गेले तेवढ्यात हमालांकडून भट्टी सरकवून घेतली. परत आल्यावर त्यांनी पाहिलं. मी म्हणाले, “पत्रा आहे ना.” सुनेशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि मला तो फार सोयीचा होता.

ती भिंत आमची आणि शेजाऱ्यांची एकच. पलीकडे त्यांची गव्हाची कोठी. दहाव्या दिवशी शेजारी दारात उभे.

“भाभीजी, दीवार तो तवा हो री हे! हाथ रखो तो रोटी सिक जाए. गेहूं भुन रिया हे कोठी में.”

मागून त्यांच्या आईचा आवाज आला, “पूस-माघ में तो भली लगती, पर अबी तो चेत लग गया, बेटी!”

मला हसू आलं, त्यांना नाही. ते तक्रार करणार होते, आणि तक्रार झाली असती तर कनेक्शनच गेलं असतं. चूक माझी होती. नानांपुढे ती कबूल करायला लागू नये म्हणून मी त्यांना म्हणाले, “शेजाऱ्यांचं मी मिटवते, तुम्ही त्यात पडू नका.” गल्लीतल्या एका वडीलधाऱ्यांना मध्ये घातलं. ठरलं असं की भट्टी हातभर पुढे घ्यायची, दहा ते चारच चालवायची, आणि हे सगळं कागदावर लिहायचं. शेजाऱ्यांचे मेहुणे कोर्टाबाहेर टाइपिंग करत. त्यांनी हिंदीत मजकूर केला आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा दिला: राजीनामा.

इथे थांबून सांगायला हवं. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. आमच्याकडच्या कोर्टकचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोघांच्या राजीखुशीचा, तडजोडीचा कागद. इंदुरात जन्म काढलेल्या मराठी माणसाला दोन्ही अर्थ ठाऊक असतात. समोर कोण बोलतंय त्यावरून तो अर्थ धरतो. तो सगळा आठवडा मी शेजाऱ्यांशी, मेहुण्यांशी, वडीलधाऱ्यांशी हिंदीतच बोलत होते. ‘राजीनामा हो जाए’, ‘राजीनामे पे दस्तखत’ हेच कानात. डायरीतही तेच उतरलं. घर नानांच्या नावावर, म्हणून सही त्यांची.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती. नवरा घरी आला असताना जेवताना म्हणाला, “नाना, तो मिलचा फॉर्म भरून टाका ना. किती दिवस गेटवर उभे राहणार?” मी वाढत होते. म्हणाले, “खरंच.” नानांनी ताटातला भात संपवला आणि हात धुवायला उठले.

सहीच्या दिवशी मला उशीर झाला होता. कागद फळीवर ठेवून मी म्हणाले, “नाना, राजीनामा ठेवलाय. सही करून ठेवा.”

ते खाटेवर बसले होते. “आजच?”

मी चप्पल घालत होते. “हो, आजच. किती दिवस लांबवायचं?”

संध्याकाळी सही तयार होती. मी खूण केली, एक प्रत शेजाऱ्यांना दिली, एक ड्रॉवरमध्ये ठेवली. रविवारी भट्टी हातभर पुढे आली. फ्रिज स्वयंपाकघरात कोंबला, आणि तरीही वाट पुरेना म्हणून नानांची खाट पुढच्या खोलीत गेली. तीही यादीत होती.

त्यानंतर नाना गेटवर जायचे थांबले. मी नळाशी जायच्या आत ते बादल्या भरायला लागलेले असायचे. मला वाटलं, काम मिळालं, माणूस रमला. नवऱ्याला फोनवर मी अभिमानाने सांगितलं, “भट्टीचा गुण बघ.” काम ते उत्तम करत. भट्टीवर तापमानाचा काटा होता, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. झाकणाच्या भोकातून आतल्या लोखंडाचा रंग बघायचे आणि म्हणायचे, “काटा म्हणतो काढ, डोळा म्हणतो थांब.” पोलोग्राउंडहून एकही नग परत आला नाही. बोलणं मात्र कमी झालं. ते मी वयावर टाकलं.

वर्ष उलटून गेलं. एका रविवारी दुपारी तो वहीवाला साचेवाला लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. नाना डाय पोचवायला गेले होते. मी चहा केला. चहा पिता पिता तो म्हणाला, “बहूजी, बुरा मत मानना. नानाजी से राजीनामा आपने दिलवाया, ठीक किया होगा. पर मेरे को उस दिन रोना आ गया था.”

“कौनसा राजीनामा?”

“मिल का, और कौनसा? खुद आए थे गेट पे. सबके सामने बोले, मेरा नाम काट दो, मैंने लिख के दे दिया. पीछे से एक ने ताना भी मारा, ‘बहू की भट्टी गरम है, अब गेट पे कौन आए!’ सायकिल उठाई और चल दिए.”

तो गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. कागद काढला. मथळा. खाली नानांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, पत्ता. मग ओळ: ‘मैं अपनी मर्ज़ी से, बिना किसी दबाव के...’ भिंत, भट्टी, शेजारी हे शब्द चौथ्या ओळीत होते.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी डायरीत लिहिलं, ‘नानांशी बोलणे’. पुढच्या आठवड्याच्या यादीत पुन्हा तेच लिहिलं. मग ‘दिवाळीनंतर’ असं लिहिलं. कारण खरं सांगायचं तर घर छान चाललं होतं. पाणी भरलेलं असे, मुलगी शाळेतून आली की दार उघडायला कुणी असे, पोलोग्राउंडचं काम वाढत होतं. ते परत गेटवर जाऊ लागले असते तर हे सगळं मला पुन्हा मांडावं लागलं असतं. दोन महिने मी रोज त्यांच्या हातचं भरलेलं पाणी वापरलं आणि गप्प बसले.

शेवटी एका सुटीच्या दिवशी, चार वाजता भट्टी बंद झाल्यावर, मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, या वेळी शेवटपर्यंत.

“म्हणजे हा शेजाऱ्यांचा.”

“हो.”

“कागद हिंदीत होता, मी मराठीत वाचला.” ते थोडं हसले. “दोनच ओळी वाचल्या तेव्हा. ‘बिना किसी दबाव के’पर्यंत. पुढे वाचवेना.”

“मला विचारलं का नाहीत, नाना?”

“विचारलं ना. आजच का, म्हणून.”

भट्टी थंड होताना आतल्या विटा टक्‌टक्‌ वाजत होत्या. मग त्यांनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

मी खोटं बोलू शकले असते. “दोन महिने झाले,” म्हणाले.

ते उठले, भट्टीच्या मागच्या जागेत हात घालून भिंत तपासली. रोज तपासायचे तशीच. “गार आहे,” म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

तोवर हजेरी फक्त रविवारची उरली होती. मी म्हणाले, मी येते, मीच सांगते. ते नको म्हणाले नाहीत. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन मी पहिल्यांदाच त्या गेटसमोर उभी राहिले. पन्नासेक माणसं होती. मी हिंदीत सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, “वा नानाजी! बंद मिल में दुबारा नौकरी लगी!” सगळे हसले. नानाही हसले. मी हसले नाही.

साचेवाल्याने वही उघडली. चौथ्या नंबरावर पट्टीने ओढलेली सरळ रेघ होती. “काटा हुआ नाम फिर नी चढ़ता, बहूजी. कायदा तो कायदा. नीचे लिखूँगा.” त्याने शेवटी, सगळ्यांच्या खाली, नानांचं नाव लिहिलं.

“नवी भरती,” नाना मला म्हणाले.

नावं पुकारायला सुरुवात झाली. पहिला, दुसरा, तिसरा. मग त्याने चौथा वगळून पाचवा पुकारला. प्रत्येक जण सही करी, दोन शब्द बोले, कुणी बिडी पेटवे. कुणालाच घाई नव्हती. मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, रोजची हजेरी होती तेव्हाही इतका वेळ लागायचा का?

“और क्या. आठ-साढ़े आठ तो बज ही जाते थे. बस नानाजी नी रुकते थे. चार नंबर हुआ कि सायकिल पे. हम छेड़ते थे, क्या भिया, दूध उफन रिया हे? बोलते थे, नल चला जाएगा, बहू अकेली है.”

मी घड्याळ पाहिलं नाही. नाना रांगेच्या शेवटी, हात मागे बांधून उभे होते. त्यांचा नंबर यायला अजून बरीच नावं बाकी होती, आणि त्या दिवशीही नळ साडेसातलाच गेला असणार. मी त्यांच्या मागे, हातभर अंतर सोडून, उभी राहिले.