रेडवूडला सात फेरे

वटपौर्णिमेच्या दिवशी आमच्या सासूबाईंच्या हातून रेडवूडचं एक उंचच उंच झाड मरता मरता वाचलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, उत्तर कॅलिफोर्नियातली.

मला फॉरेस्टरचं लायसन्स नुकतंच मिळालं होतं. इथे विक्रीसाठी झाडं तोडायची तर आधी तोडीचा प्लॅन लागतो, आणि त्यावर सही फक्त लायसन्सवाल्याची चालते. तोवर मी दुसऱ्यांच्या सहीखाली राबले होते... हा माझ्या सहीचा पहिलाच प्लॅन.

सासूबाई नागपूरहून आलेल्या. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून साइटवर नेलं. जीपमध्येच बसा, असं बजावलं होतं. ऐकतील तर त्या आमच्या सासूबाई कसल्या!

मी जागेच्या मालकाशी बोलून परतले, तर ओढ्याकाठच्या सगळ्यात मोठ्या रेडवूडपाशी चेनसॉ करवत सुरू झालेली... आणि झाडाला माझ्याच रोलमधल्या नारिंगी टेपचे सात वेढे! आमच्या कामात नारिंगी टेप म्हणजे 'हे तोडा'. ते झाड तर ओढ्यावर सावली राहावी म्हणून मी प्लॅनमध्ये राखलं होतं. ते पडलं असतं तर पाठोपाठ माझं लायसन्सही गेलं असतं.

मी धावत जाऊन झाडासमोर उभी राहिले. तोडणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "मॅडम, टेप तुमचीच ना?"

"टेप माझी, प्लॅनही माझा. हे झाड राहणार."

त्याने लगेच मशीन बंद करायला लावलं. महिन्याभरापूर्वी, प्लॅनवर सही माझ्या साहेबांची असायची तेव्हा, त्याने आधी त्यांना गाठलं असतं. साहेब बसायचे दूर गावात, त्यांचा निरोप येईपर्यंत झाड पडलं असतं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "इथे वड कुठला मिळायला? सूतही नव्हतं. म्हटलं, झाड मोठं आहे, दोरी भगवी आहे..."

"अहो आई, ती दोरी म्हणजे फाशीची शिक्षा!"

"अगं बाई! म्हणजे यांचे सातही जन्म..." एवढं बोलून त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. न सांगता!

सालीवर एक खाच पडली होती, बाकी झाड ठणठणीत.

लायसन्स म्हणजे झाडं पाडायची परवानगी, असं ओळखीतले बरेच जण समजायचे. मला त्याची किंमत त्या दिवशी कळली... चालू करवतीसमोर मी 'नाही' म्हटलं, आणि कोणीही दुसऱ्याला विचारायला गेलं नाही.